चार्ज देताना

बस गे. ही खुर्ची डावीकडं कलते, सवय होईल.
पंखा दोनवरच ठेव, तीनवर व्हाउचरं उडतात.
कपाटाची किल्ली ही.
कॉम्प्युटरची किल्ली मात्र देणार नाही,
ती तुझी तू करायची. माझी काल पुसून टाकली.
पूर्वी कारखान्याचं नाव आणि एक-दोन-तीन, एवढंच होतं,
मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर,
उद्यमबागेतल्या अर्ध्या पोरांना पाठ.
तू चार शब्द घे, एकमेकांशी न बोलणारे:
आजोळची विहीर, मुतग्याच्या बसचा रंग, नावडती भाजी
आणि एखादा कन्नड शब्द, लहानपणी तुला चुकीचा ऐकू यायचा तो.
मला सांगू नकोस. शेटना पण नको.

ते चार लाख अठरा हजार तुला कळले असतीलच.
गेटवरचा महांतेश नव्या माणसाला आधी तेच सांगतो.
मार्चची अठ्ठावीस तारीख. बसलिंगप्पांचा मेल:
आमचं खातं बदललंय, बिल आजच नव्या खात्यावर भरा.
बिल तेच, शिक्का तोच, रक्कम पैशापर्यंत बरोबर.
पत्त्यात फक्त एक एल जास्त होता.
बत्तीस वर्षं मी आकडे तपासले.
अक्षर नाही तपासलं.

फोनवर बसलिंगप्पा आधी विचारतात, ऊट आयता?
जेवण झालं का, आणि मग पिग आयर्नचा भाव.
चौदा वर्षं असंच.
त्या मेलनं मला जेवणाचं विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन. ऊट आयता अक्का?
मग जरा थांबून, पैसे आले नाहीत की ओ.
मी म्हटलं, भरले की.
त्यानंतर दोघांनीही बराच वेळ
आमच्या भट्टीचा पंखा ऐकला.

अर्धा दिवस मी कुणाला बोलले नाही. ती चूक पहिलीपेक्षा मोठी.
असं झालं तर आधी एकोणीसशे तीसला फोन, मग बँकेला,
मग शेटना. रडायचं ते त्यानंतर.
सत्तर हजार वाटेत अडकले होते, तेवढेच परत मिळाले.

कंग्राळकर शेट ओरडले नाहीत. चहा सांगितला.
मग साचे रंगवायचा लाल डबा आणून
या भिंतीवर बसलिंगप्पांचा नंबर लिहिला,
खाली कोळशावाल्याचा, वाळूवाल्याचा, ट्रान्सपोर्टचा.
खातं बदललं म्हणून कुणी कळवलं तर
मेलमधल्या नंबरावर नाही, या भिंतीवरच्या नंबरावर फोन.
पुढच्या खेपेला बसलिंगप्पा आले, भिंत वाचली,
आणि प्रत्येक नावाखाली कन्नडात लिहून गेले.
आपल्या गावात पाट्यांवरून काय काय झालंय, तुला ठाऊक आहे.
ही पाटी कुणी पुसली नाही.

आणि हे बघ, लाकडी साचे आपण भट्टीपाशी ठेवत नाही,
पलीकडच्या शेडात, माळ्यावर ठेवतो.
कास्टिंग फुटलं तर परत ओतता येतं,
साचा जळला तर काय ओतणार?
हिशेबाचंही तसंच. दर शनिवारी ही काळी डबी लाव,
कॉपी झाली की काढ,
आणि पर्समध्ये घालून घरी ने.
लावून ठेवलीस तर ती माळ्यावरची नाही, भट्टीतली.

बाकी काय. टीडीएसची फाइल निळी.
गेटबाहेर चहाचे पैसे देताना
स्कॅन केल्यावर दुन्दाप्पाचंच नाव येतं का, तेवढं वाच,
एकदा त्याच्या स्टिकरवर कुणी दुसराच डकवला होता.

उद्या माझ्या नावानं मेसेज येईल:
अक्का बोलतेय, घाईत आहे, ओटीपी तेवढा सांग.
नाही सांगायचा.
मी खरीच असले तरी नाही सांगायचा.
फोन कर. भिंतीवर सगळ्यात खाली माझा नंबर आहे,
लाल रंग संपत आलेला, म्हणून शेवटचा आठ जरा पुसट.
मी उचलला तर आधी विचारीन, ऊट आयता?
नाही विचारलं, तर ठेवून दे.