लादीचा हिशेब

अर-रम्सच्या धक्क्यावर सकाळी सहा चाळीसला
माझा टॅब्लेट उघडतो आणि मिटतो :
'उपकरण तापले आहे. थंड होऊ द्या.'
मी तो बर्फावरच्या गोणपाटावर ठेवते
आणि वाकून, तिथेच, माहिती भरत जाते.

प्रश्न अकरा : गेल्या पाच वर्षांत उत्पन्नात घट?
नाखवा खल्फान म्हणतात, मुलाला विचार.
मुलगा अबू धाबीत, बँकेत.
मग म्हणतात, समुद्राला विचार,
आणि हसतात. दोन दात सोन्याचे.
त्यांच्या तारेच्या पिंजऱ्यात हामूर यायचा
हातभर. आता वीतभर.
मधे एकदा पाणी तांबडं झालं
तेव्हा नुसताच वास आला.
या सगळ्याला पर्याय तीन : होय, नाही, माहीत नाही.

प्रश्न चौदा : कुटुंबातील व्यक्ती.
बर्फाच्या कारखान्यामागच्या खोलीत नऊ जण राहतात,
एकाचंही दुसऱ्याशी नातं नाही.
एसी एकच. तो बिघडला की नऊही जण
एका रक्ताचे होतात, गच्चीवर ओली चादर पांघरून झोपतात.
मार्गदर्शिका म्हणते :
अशा निवासास कुटुंब समजू नये.

तर याकूब होडेकर हे कुटुंब नाहीत.
मूळ दाभोळचे. इथे बावीस वर्षं,
व्हिसा दोन वर्षांचा,
अकरा वेळा.
माझी मराठी ऐकून म्हणाले,
"बाय, तू आमच्याकडची की घाटावरची?"
सातारची म्हटल्यावर जरा हिरमुसले.

तरी चोपडी दाखवली. होडी, तारीख, लाद्या,
अक्षर मोत्यासारखं, पानं फुगलेली.
"माझ्या पहिल्या वर्षी एका होडीला चार पुरायच्या.
मग पाच. करोनानंतर सहा.
या ऑगस्टात खल्फानशेठना आठ दिल्या
आणि मासळी आली निम्मी.
लादीचे पैसे त्यांचे, घाम माझा,
समजलं ना?"

समजलं.
पण टॅब्लेटात क्षारता आहे,
किनाऱ्याची उंची आहे सेंटिमीटरमध्ये,
'अनुकूलन क्षमता' आहे एक ते पाच.
लादी कुठेच नाही.

उन्हाळ्यात साडेबारानंतर उघड्यावर काम बंद, असा नियम आहे.
बर्फ तो पाळत नाही.
साडेबारानंतर तो जास्तच घाईत असतो.

शेवटचा प्रश्न : परिस्थिती बिघडल्यास स्थलांतर कराल का?
खल्फान पाण्याकडे बघतात, मग डोंगराकडे,
आणि विचारतात, कुठे?
होडेकर खोकला येईपर्यंत हसले.
"अगो, मग मी केलंय ते काय?"
मग हळूच :
घरची विहीर मार्चपासून मचूळ होते,
टँकर येतो इथल्या पगारातून.
"इथे खाऱ्याचं गोडं करतात, बाय,
तिथे गोड्याचं खारं, तेही फुकटात."

शेऱ्यासाठी जागा नव्वद अक्षरांची.
मी आकडे टाकले. यंत्र म्हणालं, फक्त मजकूर.
मग अक्षरी लिहिले :
चार, पाच, सहा, आठ.
सर्वेक्षण पूर्ण. धन्यवाद.

टॅब्लेट उचलला, गोणपाट सरकलं.
खाली बर्फात त्याच्या मापाचा
एक चौकोनी खळगा पडला होता, कडा धारदार,
आत दोन बोटं पाणी.
होडेकरांनी कानामागची पेन्सिल काढली.
"ही लादी
कुणाच्या नावावर लिहू?"