बोट लागणे

माझ्या लाँचमधून सगळं गेलंय:
बटाट्यांची पोती, डुकरं, शाळेची बाकं,
दोन नवऱ्या, पाच-सहा शवपेट्या.
ओकणारी माणसं किती, ते मोजलं नाही.
त्यांच्यासाठी निळी बादली असतेच,
कडीला दोरी बांधलेली.

म्हणून त्या पहाटे, मेचुके बेटाच्या धक्क्यावर,
एर्सिरा नाहुएल्किन पोराला घोंगडीत गुंडाळून चढली
आणि तो तिच्या खांद्यावरच ओकला,
तेव्हा मी म्हटलं, बोट लागली,
आणि बादली पुढे सरकवली.

बोट तर अजून बांधलेलीच आहे, बाल्डोविनो, ती म्हणाली.
घरात तीनदा ओकलाय. कोरड्या जमिनीवर.

खरं होतं.
एलिसेओ, वय साडेचार,
माझ्या दोरखंडांच्या वेटोळ्यात रांगायला शिकलेला,
चढल्या चढल्या सुकाणू मागणारा,
आज आईच्या गळ्यात कपाळ खुपसून
उजेड नको, उजेड नको म्हणत होता.
उजेड अजून झालाच नव्हता.
होकायंत्रावरचा माझा एवढासा दिवा, बस.

त्याच्या उजव्या कानामागे एक उंचवटा आहे, वाटाण्याएवढा.
तिथून कातडीखालून नळी उतरते,
मानेवरून, छातीवरून, पोटात.
डोक्यात साचणारं पाणी खाली नेते.
ती बसवली तेव्हा तो एकवीस दिवसांचा होता,
आणि मी म्हटलं होतं, अच्छा, माझ्या तळातल्या पंपासारखं!
एर्सिरा हसली नव्हती.

पंप तुंबला की काय होतं, मला ठाऊक आहे.
आवाज होत नाही.
फक्त सुकाणू उशिरा ऐकतं.
मागे ती हाका मारत होती, एलिसेओ, एलिसेओ,
आणि तो ओ देत होता.
उशिरा.

धुकं असताना त्या खाडीत कुणी इंजिन इतकं पळवत नाही.
मी पळवलं.

कास्त्रोच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर, रात्रभराचा जागा.
पोटाची साथ आहे, म्हणाला, सगळ्या बेटांवर.
घोट घोट पाणी पाजा. घरी न्या.
मी तिची पिशवी धरून उभा,
स्वच्छ फरशीवर माझे गमबूट ठिबकत होते.
मला वाटलं, आता ही ओरडेल.
तिने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला,
घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला:
ऑपरेशनच्या तारखा, झडपेचं नाव,
आणि मागे जोडलेली एक काळी-पांढरी फिल्म.
हे बरा असतानाचं डोकं, म्हणाली.
आजचं काढा. दोन्ही शेजारी ठेवा.
मग मला घरी पाठवा.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं.
मग खाली बसला, त्या कानामागे हलकेच बोट लावलं,
आणि एलिसेओने डोळे उघडलेच नाहीत.
त्यानंतर तिथे कुणी चालत नव्हतं. सगळे धावत होते.

दोन चित्रं मीही पाहिली, दारातून.
एकात मधोमध दोन काळी तळी.
दुसऱ्यात तळ्यांना काठच उरले नव्हते.

मेंदूचा सर्जन सामुद्रधुनीपलीकडे, पुएर्तो मोंतला.
तिकडे मी नव्हतो.
बार्ज रुग्णवाहिकेसाठी थांबली म्हणे,
आणि तो तरुण डॉक्टर पाळी संपूनही सोबत गेला.
मी धक्क्यावर बादली धुतली.
ती स्वच्छच होती. पुन्हा धुतली.

अकराव्या दिवशी परतले.
डोक्याची एक बाजू भादरलेली,
टाके मोजून दाखवत होता, नऊपर्यंतच येतात त्याला.
सुकाणू मागितलं. दिलं.
एर्सिराने कागदाची नक्कल आणली होती माझ्यासाठी.
ती आता भरती-ओहोटीच्या तक्त्याशेजारी आहे,
खिळ्याला.

फेब्रुवारीत, भर खाडीत, तो पुन्हा ओकला.
कुणी काही बोललं नाही.
बादलीला कुणी हात लावला नाही.
एर्सिराने त्याची हनुवटी वर केली, डोळ्यांत पाहिलं:
डोकं दुखतंय?
नाही, तो म्हणाला, आलुबुखार. कच्चे. खूप.
आणि हसला, हिरव्या दातांनी.

ती खाली बसली. एकदम, पाय गेल्यासारखी.
मग सगळेच हसले, मीसुद्धा.

तरी दालकाव्हेला पोचल्यावर, ते दुकानातून येईपर्यंत,
मी इंजिन बंद केलं नाही.