उभयान्वयी

खिचडीचा गंज घासून झाला की
दुर्पताबाई दिघोरे सातवीच्या वर्गात येते,
पदराला हात पुसते,
पुढच्या बाकावर बसते, गुडघे मावत नाहीत तरी.
सतरा नंबरचा फॉर्म भरलाय तिनं. वय एकेचाळीस.
मार्चमध्ये दहावी.

खिडकीबाहेर बोडीत तिचा दीर
डोंग्यातून सिंगाड्याच्या वेली उलटवत असतो.

प्रश्न तिसरा, ब.
योग्य शब्द निवडा : अँड, बट, सो, बिकॉज.
तिनं दहाही जागांत अँड लिहिलंय.
बस चुकली अँड मी चालत गेले.
मला ताप होता अँड मी शाळेत आले.
मी तांबडा पेन उचलतो.

"चुकलं कुठं, गुरुजी?
आमच्यात अन् म्हटलं का सारंच येते.
ताप होता अन् आली.
आता ताप असून आली का ताप होता म्हून आली,
आयकनाऱ्याले समजत नाही का?"

मी बांधीत उतरतो. दुसरं काय करणार.
बट म्हणजे मधला धुरा, पाणी तिथं थांबतं.
सो म्हणजे धुरा फोडला,
पाणी खालच्या बांधीत.
आणि बिकॉज म्हणजे
खालच्या बांधीतून वर बघत जायचं,
कुणी फोडला म्हणून.

ती हसते. "हे तं भांडनाचं व्याकरन झालं."

ऑर तिला लगेच जमलं.
"शासनाचं पत्र म्हणते तूर ऑर मूग.
पोत्यात निघते मटकी."

अनलेसकडं मात्र बराच वेळ बघत राहिली.
त्याच्या पोटात 'नाही' आहे, मी सांगतो, दिसत नाही.
"मासोळीतल्या काट्यावानी," ती म्हणते,
"तोंडात गेल्यावरच कळते."

पुस्तकातली वाक्यं संपली.
मी फळ्यावर आपलं एक लिहिलं, सहज, इंग्रजीत :
मला हे गाव आवडतं, मग रेघ,
मग, मी बदलीचा अर्ज केला आहे.
(परवा रात्रीच भरला, मोबाईलवर,
नेटवर्कसाठी टाकीच्या जिन्यावर उभं राहून.
कुणाला बोललो नव्हतो.)

ती उठली. खडू घेतला.
रेघेवर बट लिहिलं.
बरोबर, मी म्हणालो.
ती हलली नाही.
मग पंज्यानं सगळं पुसून
वाक्य फिरवून लिहिलं, मोठ्या वाकड्या अक्षरांत :
मी बदलीचा अर्ज केला आहे,
बट मला हे गाव आवडतं.

"हेबी बरोबर?"
हेही बरोबर.
"मंग बट एकच कसा दोन्हीत?
पयल्यात तुमी एसटीत बसलेले दिसता,
दुसऱ्यात उतरलेले."

उत्तरसूचीत दोन्हीला एकच गुण आहे.
अकरा वर्षं मीही तेवढाच देत आलो.

तिनं गंज उचलला, कमरेवर ठेवला.
"उद्या ऑलदो घ्या. पेपरात लय येते म्हणे."
बोडीकडून दिराची हाक आली
अन् ती गेली.

फळा पुसायचा राहिला.

सकाळी सातवीची पोरं आली,
पुसायची पाळी कुणाची यावर जुंपली,
आणि जुंपता जुंपता त्यांनी ते वाचलं,
एका सुरात, शब्दावर बोट ठेवत,
बटपर्यंत.
तिथं थांबली.
मागं वळून माझ्याकडं बघायला लागली.