फोटोतलं कोपर

त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लुळा आहे.
इथे बस.
हं. तर हा फोटो.
डावीकडे दुमडलेल्या बाहीचं कोपर दिसतंय ना,
ते माझं.
उरलेला मी कात्रीच्या पलीकडे,
टेक्सारकानातल्या कुठल्याशा छापखान्याच्या केरात.

छप्पन साल. ड्रमवाल्याला द्यायला पैसे नव्हते,
म्हणून मीच बासच्या तारा ओढून
लाकडावर आपटायचो,
बोटांना चिकटपट्टी गुंडाळून.
बास गाडीच्या टपावर, ताडपत्रीत बांधलेला.
पोलीस अडवून विचारायचे, मढं कुणाचं?
लॉयल म्हणायचा, याच्या मामाचं.
लॉयल पुढे उभा राहायचा. केसांना तेल, अंगात वारं.
पोरी त्याच्यासाठी किंचाळायच्या
आणि त्या किंचाळण्याखाली मी
जमीन धरून ठेवायचो.

गाणं मी लिहिलेलं.
होपच्या अलीकडे टायर फुटला तेव्हा,
किराण्याच्या कागदी पिशवीवर, व्हर्डीनसाठी.
(तिनं पुढे छपरं घालणाऱ्या एकाशी लग्न केलं.
चांगला होता तो. आमचंही छप्पर त्यानंच घातलं.)
चाळीस डॉलर आणि दोन जुने टायर,
एवढ्याला विकलं.
टायर लागणारच होते रे,
दुसऱ्या दिवशी श्रीव्हपोर्ट गाठायचं होतं.
तबकडीवर नावं दोन: लॉयलचं,
आणि स्टुडिओवाल्याच्या बायकोचं.
ती बाई गाणं लागलं की कानात कापूस घालायची.

राग? आला ना. एक हिवाळाभर आला.
मग वॉशिंग मशीन दुरुस्त करायला शिकलो.
एकतीस वर्षं.
मशीनच्या पोटातून लोकांची नाणी निघायची,
आकडे, बटणं, एकदा सोन्याचा दात.
ज्याचं त्याला परत केलं.
एकदा मिसेस पिकन्सच्या मागच्या पडवीत
मशीन दुसऱ्या पाण्याला
नेमकं माझ्या तालात धडधडायला लागलं.
मी पाना हातात घेऊन ऐकत राहिलो.
तिला वाटलं, मोठा बिघाड आहे.

पण तू आलायस
दुसऱ्या कडव्यातल्या त्या सुरासाठी.
सगळे वर चढताना बास मध्येच अर्धी पायरी खाली येतो, तो.
शिकवतात म्हणतोस. धाडस म्हणतात त्याला.
बाळा, चिकटपट्टी सुटली होती.
बोट घसरलं.
पुन्हा वाजवायला वेळ नव्हता, पैसे एकाच खेपेचे.
लॉयलनं माझ्याकडे पाहिलं,
मी भिंतीकडे.
आणि आता कुठली कुठली पोरं
बोटं सोलेपर्यंत घासतात,
माझी चूक बरोबर यावी म्हणून.

हसू नकोस. हस.
कागदावर सही कुणाचीही असो,
तिथे बोट माझं घसरलंय.

चल, तो बास जरा पुढे ओढायला हात लाव,
एकट्यानं होत नाही आता.
नाही, वाजवणार नाहीये.
त्याच्यामागे मांजर व्यालीय,
पिल्लं मोजायचीत.