एक भोक लांबट

एल्गोइबारला, देबा नदीच्या वळणावरच्या कारखान्यात
संध्याकाळी पावणेसातला
गारासीच्या पडद्यावर सत्तेचाळीस जोड लाल.
सकाळी एकच होता.

यंत्र साधंच, बेर्मेओच्या बंदरावर
अँचोवीच्या डब्यांना झाकण दाबणारं.
तिनं फक्त एक प्लेट दोन मिलिमीटर सरकवली
तर दांडा उलटा झाला, डोकं खाली पाय वर,
आणि दातेरी चाक निघून गेलं
त्या करड्या पोकळीत, जिथे पडायलाही खाली काही नसतं.

मग ती एकेक जोड निजवत गेली.
हा समकेंद्री. नीज.
हा समांतर. तूही.
आणि हे अंतर, साडेबारा, कुणी घातलं?
एनेकोनं. एनेको मार्चमध्येच
नोकरी सोडून गेला, बायकोच्या गावी.
त्याचा जोड अजून धरून बसलाय एक कड
जी आता कुठल्याच भागाला नाही.

केपा दिवे मालवायला आला.
एकेचाळीस वर्षं फिटर, माउसला हात लावत नाही.
तिच्या खांद्यावरून बघत राहिला,
अंगाला कटिंग ऑइलचा वास.
"पिना किती?"
"दोन."
"भोकं?"
"दोन्ही गोल."
"मग भांडणारच की गं."

तिनं मोजलं. एका प्लेटवर ऐंशी,
दुसरीवर ऐंशी आणि वर दोन शतांश.
केसाहून कमी. पण गणिताला
केसाएवढीसुद्धा भीड नसते.

केपानं टेबलावर दोन बोटं रोवली,
एक घट्ट, दुसरं किंचित पुढेमागे हलवत.
"हिनं जागा धरायची.
तिनं नुसतं फिरू द्यायचं नाही.
दोघींनीही जागाच धरली, तर
मी हातोडा घेऊन उभा असतो खाली,
आणि तुम्ही वर म्हणता, ड्रॉइंग बरोबर आहे."

तिनं दुसरं भोक लांबट केलं.
लाल पिवळं झालं, पिवळं विझलं,
दांडा पायांवर आला, चाक परतलं
आणि काही न बोलता दात्यात दाता घालून बसलं.
तिनं प्लेट ओढून पाहिली. हलली नाही.
पुन्हा ओढली, उगीचच.

एक जोड मात्र निजलेलाच ठेवला.
पुसायला गेली, हात थांबला;
त्याचं नाव बदलून लिहिलं:
एनेकोला विचारणे.

केपानं शेवटचा दिवा मालवला.
जिन्यात ती म्हणाली, सकाळी ते भोक
आधी तुम्हीच बघा.
तो म्हणाला, बघतो.
किती लांबट केलंस ते मात्र सांग.