एका फळीची रेहल

उदगीरला, चौबाऱ्याच्या मागच्या बोळात,
दस्तगीर मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडात
मी फोटो काढायला गेलो होतो.
खरं ते सांगतो:
लातूरच्या एका डॉक्टरला टीव्हीमागं अशी नक्षी हवी,
आणि माझ्याकडं मशीन आहे. चित्र दिलं की कापतं.

मिस्त्री नको म्हणाले नाहीत.
"ले ना. फोटूकू क्या लगता."
आणि पुन्हा वाकले.

मांडीत शिसवाची फळी, हातभर.
करवत जाडीतून चालली होती,
एका टोकाकडून अर्ध्यापर्यंत, मग दुसऱ्या टोकाकडून,
आणि जिथं माझा हात सरळ पुढं गेला असता
तिथं थांबली.
त्या थांबलेल्या जागेत सहा बोटं कोरायची,
एकमेकांत अडकलेली.
खिळा नाही. बिजागरी नाही. फेविकॉलचा थेंब नाही.
अकरा वर्षं मी कपाटं बसवतोय,
बिजागरीशिवाय काही उघडतं
हे डोक्यात शिरेना.

मग वेल.
केसाएवढी खाच, तीत पितळेची पट्टी उभी.
हातोडी एवढी हळू
की शेजारच्या पंक्चरवाल्याचा रेडिओ नीट ऐकू यावा.
वरून ओलं फडकं.
लाकूड पाणी पितं, फुगतं,
तार दाताखाली धरून ठेवतं.

सातव्या वळणावर एक पान कमी होतं.
मी मोजलं होतं. धंद्याची सवय.
"इथं चुकलं का, चाचा?"
त्यांनी माझं बोट धरून त्या जागी टेकवलं.
गाठ.
झाडाला कधीतरी तिथं फांदी फुटली होती.
"इसका पत्ता पहले से है," म्हणाले,
"मैं कायकू और लगाऊं?"

ही कोणाची, विचारलं.
अहमदपूरच्या बुवांची, पोथीला.
मागची मशिदीत गेली.
बोटं दोन्हींना सहाच.

चौदा फोटो काढले.
एकातही गाठ दिसत नाही,
पितळ नुसतं पिवळं दिसतं.

निघताना एक तयार रेहल त्यांनी माझ्यापुढं उघडली.
कर्र वाजेल म्हणून मी कान देऊन उभा,
आणि ती केव्हाच उघडून झालेली.

डॉक्टरचा दोनदा फोन येऊन गेलाय.
मशीन रिकामं आहे, प्लायही आलाय.
सातव्या वळणावर पान घालू की नको,
एवढ्यावरच अडलंय.