काचेवरचा कागद

रुस्तावीच्या बाजारात बाबा गाड्या विकतात
आणि मी कागद लिहिते,
पुढच्या काचेला आतून चिकटवायचे:
साल, इंजिन, किती चालली, किंमत डॉलरमध्ये.
शेवटची ओळ बाबा सांगत नाहीत,
खिडकीबाहेर बघत म्हणतात, "आणि ते नेहमीचं, त्सिरा."
ते नेहमीचं म्हणजे: अपघात नाही.

माझं अक्षर चांगलं आहे.
शाळेत त्यासाठी बक्षीस मिळालं होतं.

गाड्या समुद्रापलीकडून येतात, पोतीच्या धक्क्यावर उतरतात,
कुणाचं नाक चेचलेलं, कुणाची बरगडी आत गेलेली.
जुंबेर त्यांना साखळीला बांधून ओढतो,
हाडवैद्यासारखा कान लावून पत्रा ऐकतो,
मग पुट्टी, मग घासणं, मग तीन हात रंग.
तो काहीच लपवत नाही. विचारा त्याला.
त्याला कुणी विचारत नाही.

चंदेरी स्टेशनवॅगन घ्यायला लमारा आली,
गोरीची, रात्रपाळीची नर्स.
सोबतच्या दिरानं टायरला लाथ मारून पाहिली,
पुरुष मारतात तशी.
तिनं फक्त कागद वाचला. दोनदा. ओळीखाली बोट धरून.
"तुम्ही लिहिलंत? काय वळणदार अक्षर आहे."
आणि पैसे मोजले.

नोव्हेंबरात परत आली ती एकटी.
"मागे पाणी साठतं," म्हणाली.
स्टेपनी उचलली तर खाली ओंजळभर गढूळ पाणी,
तळाशी गंजाचे पापुद्रे,
आणि जोडलेल्या पत्र्याची शिवण, घाईत घातलेल्या टाक्यांसारखी.
कुठं पाणी मुरतंय ते मला आधीपासून ठाऊक होतं.
जुंबेरनं न सांगता स्टिअरिंगही उघडलं.
एअरबॅगच्या जागी पोकळी,
आणि तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर,
डॅशबोर्डावरच्या दिव्याला अहोरात्र सांगत बसलेला:
आहे, आहे, सगळं जागेवर आहे.

बाबांनी कानांवर हात ठेवले.
"मीही अशीच घेतली. पोतीला मला कोणी सांगितलं?
करारात लिहिलंय, जशी आहे तशी.
घेणाऱ्यानं बघून घ्यायचं असतं."
शेजारचे दलाल माना डोलवत होते.
इथं प्रत्येकाची मूठ झाकलेली, प्रत्येकाची सव्वा लाखाची.

लमारा ओरडली नाही.
तिनं बाबांकडे पाहिलंही नाही. मला म्हणाली,
"आमच्याकडेही खाटेच्या पायथ्याशी कागद लटकतो.
त्यावर मी 'ताप नाही' लिहिलं
की डॉक्टर पुढच्या खाटेकडे जातो.
म्हणून लिहिण्याआधी मी कपाळाला हात लावते."

एवढंच.
मी माझा हात खिशात घातला,
का ते कळलं नाही.

बाबांनी दोन हजार परत दिले,
बाकीचे वसंतात देतो म्हणाले.
ती मिनिबसनं गेली, मांडीवर चटईची गुंडाळी घेऊन,
गाडीसाठी तिनं स्वतः आणलेली.

संध्याकाळी नवा कागद घेतला.
साल, इंजिन, किती चालली.
मग गाडीपाशी गेले, उजव्या दारावर तळवा ठेवला.
थंड होती. रंग कुठं जाड आहे ते हाताला कळत नाही,
जुंबेरकडून मोजायचं यंत्र मागून आणलं.
मग लिहिलं:
उजवीकडून जोराची धडक. मागचा भाग जोडलेला.
एअरबॅग नाही. दिवा खोटं बोलतो.
त्याच अक्षरात, त्याच वळणाचं.

बाबांनी चष्मा लावून वाचलं.
"हे वाचून कोण घेणार?"
मी म्हटलं, माहीत नाही.

तिसरा आठवडा चालू आहे.
लोक थांबतात, वाचतात, थोडे आदरानंही वाचतात,
आणि पुढच्या रांगेत जातात
जिथं एकाही गाडीला कधी काही झालेलं नाही.

आज सकाळी दव पुसायला गेले
तर कागदावर किंमत खोडलेली,
खाली बाबांच्या वाकड्या अक्षरात नवी,
बाराशेनं कमी.
शेवटच्या ओळी होत्या तशाच.
लमाराचे पैसे अजून द्यायचे आहेत.
वसंताला तीन महिने आहेत,
मी भिंतीवर लिहून ठेवलंय.